पात्याला पाणी कशात द्यायचं? पाणी, मीठपाणी, तेल आणि हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागच्या शेडमध्ये छोटी भट्टी लावून सुऱ्या, कोयते, पटाशा करणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न घडाईबद्दल नसतात. ते असतात शेवटच्या काही सेकंदांबद्दल: पाणी देताना, म्हणजे लाल झालेलं पातं झटकन थंड करून कडक करताना, ते नेमकं कशात बुडवायचं? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

पाणी दिल्यावर पोलादात नेमकं काय बदलतं?

हायकार्बन पोलाद ८०० अंशांच्या आसपास तापलं की त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश निवू दिलं तर तो पुन्हा बाहेर पडून वेगळे थर धरतो आणि पातं मऊच राहतं. झटकन थंड केलं तर त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो आणि मार्टेन्साइट तयार होतं. पात्याची कडकी ती हीच.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. घाई फक्त वरच्या टप्प्यात असते. साध्या हायकार्बन पोलादाला ५४० अंशांच्या आसपासचा धोक्याचा टप्पा एका सेकंदाच्या आत ओलांडावा लागतो. तो ओलांडला की घाई संपली. मार्टेन्साइट बनायला लागतं ते दोनशे-अडीचशे अंशांच्या खाली, आणि बनताना पोलाद आकारमानाने सुमारे ४ टक्के फुगतं. एक भाग आधी फुगला आणि दुसरा मागून, तर पातं वाकतं किंवा तडकतं. म्हणजे माध्यम असं हवं, जे वर झपाट्याने उष्णता ओढेल आणि खाली आल्यावर सावकाश होईल. पाण्याचं दुखणं हे की ते खालीसुद्धा तितक्याच जोरात ओढतं.

मग सगळ्यात चांगलं माध्यम कोणतं?

सगळ्यांसाठी एकच असं नाही. माध्यम पोलाद ठरवतं आणि पात्याची जाडी ठरवते. शेडमध्ये कसला डबा भरून ठेवला आहे, यावर ते ठरवू नये. माझा नियम असा: ज्या माध्यमात तुमचं पोलाद त्या जाडीला पुरतं कडक होतं, त्यांतलं सर्वांत सौम्य माध्यम घ्या. त्याहून वेगवान माध्यम घेतल्याने पातं जास्त कडक होत नाही, फक्त तडा जायची शक्यता वाढते.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या पोलादांपुरतं बोलायचं तर ओएचएनएस हे तेलासाठीच बनवलेलं टूल स्टील आहे. मध्यम वेगाच्या, साध्या गरम तेलात ते छान कडक होतं, आणि नवख्याने सुरुवात याच्यावरच करावी असं मला मनापासून वाटतं. एन ३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद. त्यालाही तेलच, पण पातं जाड असेल तर वेगवान तेल. कमानीच्या पाट्याला, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादाला, तेल. मँगनीज कमी असलेल्या साध्या हायकार्बनला वेगवान क्वेंच ऑइल (पाणी देण्यासाठीच विकलं जाणारं तेल), आणि नाइलाजाने पाणी. डी२ (भरपूर क्रोमियमचं टूल स्टील) आणि कडक होणारं स्टेनलेस हे दोन्ही तेलात बुडवायची गरजच नाही. त्यांचं पुढे येईलच.

माझ्याकडचं पोलाद कुठलं आहे तेच माहीत नाही. काय करू?

शक्य असेल तर ग्रेड विचारून नवी पट्टी घ्या. भोसरीत किंवा कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये टूल स्टीलचे व्यापारी आहेत. सुरीपुरत्या पोलादाचा खर्च तुमच्या मेहनतीपुढे काहीच नाही.

भंगारातलंच वापरायचं असेल तर आधी नमुना करून बघा. त्याच पट्टीचे करंगळीएवढे दोन-तीन तुकडे कापा. चुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० अंशांना. त्याच्या थोडं वर, एक छटा अधिक उजळ होईपर्यंत तापवा आणि एक तुकडा गरम तेलात टाका. निवल्यावर त्यावर नवी कानस घासा. कानस न खाता घसरली तर तेल पुरेसं आहे, पाण्याकडे बघूसुद्धा नका. कानस चावली तर दुसरा तुकडा पाण्यात टाकून बघा. मग कडक झालेला तुकडा फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि हातोडीने मोडा. मोडलेली कड उन्हात धरून पाहा. बारीक, मंद राखाडी दिसली तर तापमान बरोबर होतं. साखरेसारखे चकाकते दाणे दिसले तर तुम्ही जास्त तापवलंत, आणि तसं पातं कुठल्याही माध्यमात घातलं तरी ठिसूळच होणार.

साधं पाणी कधी वापरावं? मीठ घालून काय होतं?

लाल पोलाद पाण्यात शिरलं की पहिल्या क्षणी त्याच्याभोवती वाफेचा पडदा तयार होतो. हा पडदा उष्णता अडवतो, म्हणजे सर्वांत जास्त वेग हवा तेव्हाच पाणी आळसावतं. पुढे पडदा फाटतो, पाणी थेट पोलादाला भिडून खळाखळा उकळतं आणि वेग एकदम वाढतो. हा पडदा सगळीकडे एकाच वेळी फाटत नाही, अडचण तीच आहे. टोकाशी फाटला आणि मुठीकडे राहिला की एकाच पात्यात दोन वेगवेगळे ताण.

पाण्यात वजनाने ५ ते १० टक्के मीठ विरघळवलं, म्हणजे दहा लिटरला अर्धा ते एक किलो, तर हा पडदा टिकतच नाही. म्हणून मीठपाणी साध्या पाण्यापेक्षा वेगवान असतं आणि सारखंही थंड करतं. अनेकांना हे उलटं वाटतं, पण पाणीच वापरायचं ठरलं असेल तर मीठपाणी जास्त भरवशाचं. पाणी बर्फगार ठेवू नका, कोमट म्हणजे तीसेक अंश बरं. पातं निघाल्यावर स्वच्छ धुऊन पुसा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गंज धरतं.

तरीही सांगतो, पाणी हा शेवटचा पर्याय. ओएचएनएस, एन ३१ आणि कमानीचं पोलाद यांचं पूर्ण पातं पाण्यात बुडवू नये.

आमच्या गावचा लोहार कमानीच्या पाट्याचा कोयता पाण्यातच बुडवतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. मग तेल कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याचं निरीक्षण अगदी खरं असतं. लोहार किंवा घिसाडी काय करतो ते जवळून बघा. तो अख्खा कोयता तापवत नाही, धारेकडची बाजूच लाल करतो. पाण्यात अख्खा कोयता सोडत नाही. धारेची बोटभर पट्टी टेकवतो, पुढेमागे ओढतो आणि लगेच उचलतो. पाठीत उष्णता शिल्लक असते. तो दगडाच्या किंवा विटेच्या तुकड्याने धारेजवळची काजळी घासून पोलाद उघडं करतो आणि नजर लावून थांबतो. पाठीकडची उष्णता धारेकडे सरकायला लागते तसा तिथे आधी फिकट पिवळा, मग गवताळ तपकिरी, मग जांभळट रंग चढतो. हवा तो रंग धारेला पोचला की पुन्हा पाण्यात. म्हणजे कडक करणं आणि टेम्पर उतरवणं (पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं) ही दोन्ही कामं एकाच तापवणीत, मिनिटभराच्या आत झालेली असतात.

हे का जमतं? एक तर कमानीच्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या घरात असतो, एन ३१ सारखा एक टक्का नाही, त्यामुळे तडकायची ओढ कमी. दुसरं, मऊ आणि गरम पाठ ताण सोसून घेते. तिसरं, पातं पाण्यात पूर्ण निवेपर्यंत राहतच नाही, धोक्याच्या खालच्या टप्प्यात ते बाहेर असतं. वर ज्या आदर्श माध्यमाचं सांगितलं, वर जलद आणि खाली सावकाश, ते लोहार हाताने साधतो.

ऊसतोडीच्या कोयत्याला, विळ्याला, कोकणातल्या कोयतीला ही पद्धत उत्तम आहे आणि ती टिकली पाहिजे. पण तिचं सगळं यश नजरेत आणि मनगटात आहे. तेच पोलाद घेऊन तुम्ही पातळ सुरी केलीत, ती भट्टीत सगळीकडे सारखी तापवलीत आणि पाण्याच्या बादलीत उभी सोडलीत, तर लोहाराच्या पद्धतीतलं एकही संरक्षण तुमच्याकडे उरत नाही. तिथे तेल.

जाता जाता एक सूचना. ट्रकच्या जुन्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी केसाएवढ्या बारीक भेगा पडलेल्या असू शकतात. पाटा शक्यतो न वापरलेला किंवा टोकाकडचा घ्या.

जुन्या भारतीय ग्रंथांत याबद्दल काही आहे का?

आहे, आणि ते फार मोलाचं आहे. सुश्रुतसंहितेत शल्यशस्त्रांच्या पायनेचे, म्हणजे पाणी देण्याचे, तीन प्रकार दिले आहेत: क्षार, उदक आणि तैल. बाण, शल्य आणि हाडं कापायची शस्त्रं क्षारात, मांस कापायची-चिरायची पाण्यात, आणि शिरावेध व स्नायुच्छेदाची तेलात. क्षाराचं पाणी, साधं पाणी, तेल: हा थंड होण्याच्या वेगाचा उतरता क्रम आहे. कामानुसार शस्त्र आणि शस्त्रानुसार माध्यम, हा विचार तिथे स्पष्ट दिसतो.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गलक्षणाच्या प्रकरणात केळीच्या राखेचा क्षार ताकात मिसळून दिवसभर ठेवायचा आणि त्यात शस्त्राला पाणी द्यायचं असं सांगितलं आहे. तसं पातं दगडावर मोडत नाही, म्हणे. केळीच्या राखेत पोटॅशचे क्षार भरपूर असतात, म्हणजे काम मिठासारखंच, वाफेचा पडदा मोडण्याचं. त्याच प्रकरणात रक्त आणि तूपही आहे, पण ते कुठल्या फळाची इच्छा आहे त्यानुसार. त्याचा पोलादाशी संबंध लावू नये.

तेल गरम का करायचं? गार तेलात पातं लवकर निवेल ना?

नाही. गार तेल दाट असतं. पात्याला चिकटून बसतं, हलत नाही, आणि तापलेल्या तेलाची जागा घ्यायला नवं तेल वेळेवर येत नाही. पन्नास-साठ अंशांना तेच तेल पातळ होतं, पात्याभोवती फिरतं आणि उष्णता लवकर वाहून नेतं. डिसेंबरातल्या पहाटे शेडमधलं तेल बारा-पंधरा अंशांवर असताना पातं नीट कडक होत नाही आणि दोष पोलादाला दिला जातो. एखादा लोखंडी तुकडा लाल करून तेलात सोडा, ढवळा, तापमापक घालून बघा. क्वेंच ऑइल विकत घेतलं असेल तर डब्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेलं तापमान पाळा. काही वेगवान तेलं कमी तापमानाला वापरायची असतात.

खाद्यतेल चालेल का? कोणतं घ्यावं?

चालतं, आणि हौशी कामाला चांगलं चालतं. खाद्यतेल पोलादाभोवती वाफेचा पडदा जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे सुरुवातीचा वेग चांगला मिळतो. ओएचएनएस, कमानीचं पोलाद आणि पातळ एन ३१ यांना तेवढा पुरतो.

त्याचं दुखणं टिकण्यात आहे. पुन्हा पुन्हा तापून ते दाटतं, खवट होतं, भांड्याच्या कडेला चिकट थर धरतो आणि वेग उतरतो. शेंगदाणा आणि मोहरीचं तेल त्या मानाने बरंच टिकतं. करडई, सूर्यफूल, सोयाबीन लवकर चिकटतात. करडईचं तेल तर वाळून पापुद्रा धरणारं म्हणून पूर्वी रंगकामातही वापरलं जायचं. झाकण घट्ट ठेवा, उंदीर आणि मुंग्या येतात. रंग काळपट आणि तेल ओघळायला जड झालं की बदला.

वापरलेलं इंजिन ऑइल फुकट मिळतं. ते?

वापरू नका. त्यात झिजलेल्या धातूंचे कण, जळकी रसायनं, कधी पाण्याचा अंश असतो. लाल पोलाद आत गेल्यावर त्याचा धूर थेट तुमच्या छातीत जातो. वेगही दर वेळी वेगळा. डिझेल आणि रॉकेल यांचा तर विचारही नको, ते फार कमी तापमानाला पेट घेतात.

क्वेंच ऑइलवर ‘९ सेकंद’, ‘११ सेकंद’ असं असतं, ते काय?

निकेलचा सुमारे २२ मिलिमीटरचा गोळा ८८५ अंशांपर्यंत तापवून तेलात टाकतात आणि तो ३५५ अंशांच्या आसपास यायला किती सेकंद लागतात ते मोजतात. त्या तापमानाला निकेल पुन्हा चुंबकाला ओढलं जातं, म्हणून वेळ अचूक पकडता येते. आकडा लहान तितकं तेल वेगवान. ७ ते ९ सेकंदांचं तेल साध्या हायकार्बनला, ११ च्या आसपासचं ओएचएनएस आणि कमानीच्या पोलादाला. वर्षभर नियमित पाती करत असाल तर विकतचं तेल घ्याच. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि दर वेळी तसंच वागतं, आणि हा दुसरा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

किती तेल लागतं?

हिशेबच करून बघू. पाव किलोची सुरी ८२० अंशांवरून ६० वर आणली तर ती अंदाजे सव्वाशे किलोज्यूल उष्णता सोडते. लिटरभर तेल एक अंश तापायला पावणेदोन-दोन किलोज्यूल घेतं. म्हणजे एकाच लिटरमध्ये बुडवलंत तर तेल सत्तरेक अंशांनी चढेल. पाच लिटर असेल तर चौदा-पंधरा अंशांनी. कोयत्यासारख्या जड कामाला, किंवा ओळीने पाती करायची असतील तर, दर किलो पोलादामागे आठ-दहा लिटर धरा.

भांडं पोलादी, उभं आणि झाकणाचं हवं, तळ जड किंवा जमिनीला बांधलेला. प्लॅस्टिकची बादली कधीही नाही. तीन-चतुर्थांशाच्या वर भरू नका.

बुडवण्याची रीत काय?

भट्टीतून काढलेलं पातं तेलापर्यंत एक-दोन सेकंदांत पोचलं पाहिजे, म्हणून भांडं भट्टीच्या शेजारी, एका पावलावर. टोक खाली करून सरळ उभं आत न्या, अडखळू नका. आत गेल्यावर ते कापल्यासारखं धारेच्या दिशेने पुढेमागे किंवा वरखाली हलवा. बाजूंना अजिबात हलवू नका. एका गालाला थंड तेल जास्त लागलं की पातं त्या वेळीच बाक घेतं. आतला खळखळाट आणि सांडशीला जाणवणारी थरथर थांबली की वरचा टप्पा पार पडला. साध्या तेलात सात-आठ सेकंदांनी पातं बाहेर काढून डोळ्यासमोर धरा आणि धारेवरून नजर टाका. बाक असेल तर जाड हातमोजे घालून हीच सरळ करायची वेळ. पोलाद अजून दोनशेच्या आसपास असतं आणि वळतं. मिनिटभराने ते वळणार नाही, मोडेल.

पृष्ठभागावर ज्वाळ उठते, ती साहजिक आहे. घाबरून पातं अर्धवट वर ओढलंत तर आग वाढते. उलट पूर्ण आत न्या. भांडं पेटलंच तर झाकण. पाणी ओतू नका. वाळूची बादली आणि कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, अंगावर सुती कपडे, आणि एकटे असताना हे काम नको.

पावसाळ्यात गळक्या शेडमध्ये तेलात पाणी शिरतं आणि तळाशी बसतं. थोडंसं पाणीही तेल उसळवून बाहेर फेकू शकतं आणि पात्याला तडा देऊ शकतं. तळाचं तेल थोडं काढून तापल्या तव्यावर थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे, ते तेल वापरू नका.

तेलातही तडा गेला. तेल चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. आधी धार बघा: पाणी देण्यापूर्वी ती अर्धा ते एक मिलिमीटर जाड ठेवली होती का? मग खडबडीत ग्राइंडरचे आडवे ओरखडे, काटकोनात कापलेले कोपरे, मुठीच्या जागेचा टोकदार खाचा. तडा तिथूनच निघतो. त्यानंतर तापमान. जास्त तापवलेल्या पोलादाचे दाणे मोठे होतात आणि ते सौम्य तेलातही फाटतं. घडाईनंतर पातं दोन-तीनदा तापवून हवेत निवू दिलं होतं का, तेही तपासा.

पातं निघालं, पण कानस खाते. आता?

लगेच निष्कर्ष काढू नका. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून एक पातळ मऊ थर बनतो. दहावा-पाचवा हिस्सा मिलिमीटर घासून काढा आणि पुन्हा कानस लावा. खाली कडक असेल तर सगळं ठीक. तरीही खात असेल तर पोलाद पुरेसं तापलं नव्हतं, किंवा हवेत वेळ गेला, किंवा तेल मंद पडलं. याच क्रमाने तपासा, माध्यम बदलायची पाळी सर्वांत शेवटी. आणि मुळात ती सळी माइल्ड स्टीलची असेल तर कार्बनच नाही, कशातही बुडवा.

डी२ आणि स्टेनलेसला काय?

डी२ ला १,००० अंशांच्या वर न्यावं लागतं, स्टेनलेसला बरेचदा त्याहूनही पुढे, आणि त्या तापमानाला मिनिटांच्या हिशेबाने धरावं लागतं. कोळशाच्या भट्टीत हे नीट होत नाही. तापमान धरणारी इलेक्ट्रिक भट्टी हवी. पातं स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात हवाबंद गुंडाळायचं आणि बाहेर काढून दोन जाड ॲल्युमिनियमच्या पाट्यांत दाबून धरायचं. तेवढ्यात ते कडकही होतं आणि सरळही राहतं. भट्टी नसेल तर औद्योगिक वसाहतीतल्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्याकडे द्या. ग्रेड आणि हवी ती रॉकवेल कडकी (कडकीचं मोजमाप) लिहून द्या.

जपानी तलवारीसारखी लाट पात्यावर हवी. त्याला पाणीच लागतं का?

तिथे पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर अगदी पातळ, आणि मग पाण्यात. पाठ हळू निवते, मऊ राहते. धार कडक होते, आणि दोहोंची सीमा पॉलिश केल्यावर लाटेसारखी दिसते. ते पोलाद मँगनीज फार कमी असलेलं असतं, म्हणून पाणी लागतं. आपल्याकडे मुख्य अट तीच: मिश्रधातू नसलेलं साधं हायकार्बन. ते असेल तर वेगवान तेलातही लाट येते. ओएचएनएस किंवा कमानीच्या पोलादात ती मनासारखी उठत नाही, कितीही माती लावा.

पाणी दिल्यावर टेम्परिंग किती वेळात करावं?

हाताला सोसेल इतकं निवलं की लगेच. रात्रभर ठेवलेलं पातं सकाळी आपोआप तडकलेलं सापडू शकतं. एन ३१ आणि ओएचएनएसच्या सुरीला २०० अंशांना दोन तास, निवू द्या, पुन्हा दोन तास. कोयता किंवा कुऱ्हाडीसारख्या आघाताच्या कामाला थोडं वर, २३० पर्यंत. घरच्या ओव्हनचा काटा वीस-तीस अंशांनी चुकतो, म्हणून वेगळा तापमापक आत ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरून ठेवा. तेल आधी साबणाने धुवा, नाहीतर स्वयंपाकघरभर धूर होईल.